गादी घ्यायला जाताना काटा सोबत न्या

आमच्याकडं कापूस घरात यायला लागला की काट्याचा विषय रोज निघतो. व्यापारी टेम्पो घेऊन येतो, आडव्या नळीला काटा लटकवतो आणि गाठोडं चढवायच्या आधी आबा स्वतः एकदा त्या काट्याला लोंबकळून बघणार, कारण स्वतःचं वजन त्यांना पक्कं माहीत, काटा बरोबर तेवढंच दाखवतोय का ते कळतं. किलो-अर्धा किलो इकडंतिकडं वाटलं तरी माल उतरवून परत चढवायला लावतात. आणि हेच आम्ही सगळे, काटामारी कशाला म्हणतात हे लहानपणापासून बघितलेले लोक, गादीच्या दुकानात गेलो की हातानं दाबून बघतो, कापड बघतो, दुकानदार म्हणतो हाय डेन्सिटी आहे, आपण मान डोलावतो आणि आठ-दहा हजार मोजून येतो. गादी कुणीच तोलत नाही. फोमच्या गादीत माल किती आहे हे तर वजनच सांगतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायलेय.

माझ्या लग्नात माहेरच्यांनी पलंग, कपाट, गादी सगळं दिलं होतं. गादी ६ बाय ५ ची, ६ इंच जाड, वर चमकदार कापड. दुकानदारानं आबांना सांगितलं हाय डेन्सिटी, ऑर्थोपेडिक, दहा वर्षं बघायचं काम नाही. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत मधोमध खोलगट झाली, रात्री दोघंही मधे घसरत यायचो आणि सकाळी कंबर धरून उठायचं. वॉरंटी कार्ड घेऊन दुकानात गेले तर म्हणाले खड्डा इंचभराच्या वर असेल तरच कंपनी बघते, आणि गादीवर डाग आहेत म्हणून तसंही बसत नाही. घरात तान्हं लेकरू, डाग नसणार कसे? शेवटी एक दिवस मीच कात्रीनं शिवण उसवली. वर इंचभर पिवळट फोम, त्याखाली रंगीबेरंगी तुकडे चिकटवलेला थर, आणि सगळ्यात खाली टीव्हीच्या खोक्यात येतं ना पांढरं पॅकिंगचं शीट, तसलं दोन इंच. आबांनी कापूस विकून आलेल्या पैशातून ते पैसे दिले होते. ते शीट हातात धरून मी कितीतरी वेळ तशीच बसले होते. तेव्हापासून गादी या विषयात मी लक्ष घातलं, आणि मागच्या वर्षी मायसाठी गादी घेतली तेव्हा भावाचा कापसाचा काटा पिशवीत घालूनच दुकानात गेले.

आता काट्याचं गणित सांगते, अवघड नाही. फोमची डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो भरतं तो आकडा. ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो, ४० म्हणजे ४० किलो. एका घनमीटरात साधारण ३५ घनफूट बसतात. म्हणून गादीची लांबी फुटात, रुंदी फुटात, दोन्ही गुणायचं, जाडी इंचात असते ती गुणून १२ नं भागायचं, हे झालं घनफूट. गादीच्या वजनाला त्यानं भागा आणि ३५ नं गुणा, डेन्सिटी निघाली. समजा ६ बाय ३ ची ६ इंची सिंगल गादी, म्हणजे ९ घनफूट. नुसता फोम ८ किलोच्या आसपास भरला तर ती ३२ ची आहे, १० च्या थोडी वर भरली तर ४० ची, आणि पाच-साडेपाच किलोच भरली तर तो २० च्या आसपासचा हलका फोम आहे, रोज झोपायला तो घेऊच नका. मोठी गादी, साडेसहा बाय पाचची ६ इंची, म्हणजे सव्वासोळा घनफूट, ती ३२ ची असेल तर पावणेपंधरा किलो आणि ४० ची असेल तर साडेअठराच्या जवळपास भरायला पाहिजे. हे आकडे नुसत्या फोमचे आहेत, खोळीचं वजन वेगळं धरायचं, चेन असेल तर खोळ काढून वेगळी तोलायची, नसेल तर अंदाजानं वजा करायची.

रोजच्या वापराला मोठ्या माणसांसाठी ३२ च्या खाली जाऊ नका असं माझं मत. अंगानं भारी माणूस असेल तर ४० च घ्या, पैसे थोडे जास्त जातील पण वर्षं निघतात. पाहुण्यांच्या खोलीत वर्षातून पंधरा दिवस वापरायची असेल तर २८ ची पण चालते, तिथं उगं पैसे घालायची गरज नाही. आणि एक गोष्ट दुकानदार मुद्दाम गुंतागुंतीची करतात, डेन्सिटी म्हणजे कडकपणा नाही. ४० डेन्सिटीचा फोम मऊसुद्धा बनवता येतो आणि हलका फोम कडकसुद्धा बनवता येतो. डेन्सिटीवरून कळतं ते गादी किती टिकेल, कडक-मऊ ते झोपूनच बघावं लागतं.

वजनाला फसवायचे पण दोन प्रकार आहेत, ते माहीत असू द्या. एक म्हणजे तो रंगीबेरंगी थर, त्याला रिबॉन्डेड किंवा बॉन्डेड फोम म्हणतात, फोमच्या कारखान्यातले उरलेले तुकडे दाबून चिकटवतात. तो वजनाला चांगलाच भारी असतो, म्हणून नुसतं वजन बघितलं तर गादी एक नंबर वाटते. बॉन्डेड काही विष नाही, कडक आधारासाठी खालच्या थरात चांगल्या कंपन्या पण वापरतात, पण तो असेल तर दुकानदारानं तसं सांगायला पाहिजे आणि भाव पण त्याचाच लावायला पाहिजे. दुसरा प्रकार म्हणजे फोम बनवतानाच खडूसारखी पावडर, कॅल्शियम कार्बोनेट, मिसळून वजन वाढवायचं. असला फोम बोटांनी जोरात चोळला तर भुगा पडतो, कोपऱ्यात चिमटा काढला तर पटकन तुटतो, दाबून सोडला तर सुस्त वर येतो. म्हणून चेनची खोळ असलेलीच गादी बघायला मागा आणि चेन पूर्ण उघडून सगळे थर डोळ्यांनी बघा. बघू देत नाहीत त्या दुकानातून सरळ बाहेर पडायचं, माझा हा नियमच झालाय.

मायच्या गादीच्या वेळी काय झालं ते सांगते. ६ बाय ३, ५ इंची, लेबलवर ४० डेन्सिटी, सांगितलेला भाव ८,२००. दुकानदार वयानं मोठे, बोलायला गोड. म्हणाले, "ताई, चाळीसचीच हाय, डोळे झाकून न्या." मी म्हणलं, "मामा, तुमच्यावर अविश्वास नाही, पण एकदा काट्याला लावू द्या." भावानं पिशवीतून काटा काढला तर दुकानातली दोन पोरं बघायलाच उभी राहिली. गादीची गुंडाळी करून सुतळीनं बांधली, शटरच्या वरच्या हुकाला काटा अडकवला, खोळीसकट भरली ७ किलो ९००. खोळ काढून वेगळी तोलली, १ किलो २००. म्हणजे नुसता फोम ६ किलो ७००, घनफूट साडेसात, हिशोब केला तर ३१ च्या थोडं वर. ३२ ची गादी होती ती. मामा दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले लेबल चुकून लागलं असेल, आणि पोराला गोडाऊनला पाठवून दुसरी मागवली. ती नुसती ८ किलो ६०० भरली, म्हणजे बरोबर ४०. ती मी ६,९०० ला घेतली. आवाज चढवला नाही, भांडले नाही, काट्यानं सगळं बोलून दाखवलं.

हाच काटा वापरून किलोमागं भाव पण काढता येतो. दोन दुकानांत दोन गाद्या, सारखाच साइज, सारख्याच प्रकारचा फोम, एक ५,५०० ची आणि एक ७,०००, तर स्वस्त कोणती? पहिलीत फोम ६ किलो असेल आणि दुसरीत ९ किलो, तर पहिली किलोला नऊशेच्या वर पडली आणि दुसरी पावणेआठशेच्या आसपास. म्हणजे सातहजारवाली खरी स्वस्त. ब्रँडला थोडं जास्त लागणारच, शोरूमचं भाडं, जाहिरात, वॉरंटी सगळं त्यात असतं, पण किती जास्त देतोय ते तरी कळलं पाहिजे. आणि ब्रँडचं पण बघा, २०२३ मध्ये स्लीपवेलवाल्या शीला फोमनं कर्लऑन विकत घेतली, म्हणजे दुकानात शेजारी-शेजारी दोन नावं दिसली तरी मालक एकच असू शकतो. नावावर भांडण्यापेक्षा आत काय आहे ते विचारा.

आता कंबरेचं. आमच्याकडं कंबर दुखायली म्हणलं की पहिला सल्ला फळीवर झोपा नाहीतर खाली सतरंजीवर झोपा. मायनं दोन वर्षं तेच केलं, कंबर तर राहिलीच, खांदे आणि कुल्ले पण दुखायला लागले. स्पेनमधे ३१३ लोकांवर एक अभ्यास झाला होता, सगळ्यांना जुनी कंबरदुखी, काहींना कडक गादी दिली आणि काहींना मध्यम कडक, ९० दिवसांनी तपासलं तर मध्यम कडकवाल्यांना जास्त आराम पडला होता. २००३ साली लान्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात तो छापून आला. म्हणजे दगडासारखी गादी म्हणजेच चांगली गादी हे खरं नाही. आणि गादीवर ऑर्थो किंवा ऑर्थोपेडिक लिहिलंय म्हणून हजार-दोन हजार जास्त देऊ नका, तो शब्द कंपनीच लावते, डॉक्टर लावत नाही. पायाला मुंग्या येत असतील, दुखणं पायात उतरत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, ते गादीनं बरं व्हायचं काम नाही.

तुम्हाला कोणती बसेल हे झोपूनच कळतं. पाठीवर झोपा आणि कंबरेच्या पोकळीत तळहात सरकवा. हात आरपार मोकळा जातो तर गादी कडक आहे, हात जातच नाही आणि बूड आत रुतलंय तर जास्त मऊ आहे, हात थोडा घासून जातो ती बरोबर. मग कुशीवर वळा, खांद्याला टोचतंय का बघा. कुशीवर झोपणाऱ्याला थोडी मऊ लागते, पोटावर झोपणाऱ्याला कडक. दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, दोन मिनिटांत सगळ्याच गाद्या चांगल्या वाटतात.

पण खरी अडचण मला माहिती आहे. आपल्याकडं कोणती बाई साडीत, दुकानात, गिऱ्हाईकं आणि कामाची पोरं समोर उभी असताना गादीवर आडवी होते? कुणीच नाही. मग गादी नवरा नाहीतर सासरे पसंत करतात आणि त्यावर झोपायचं बाईनं, जिची कंबर सगळ्यात जास्त दुखते. यावर मी जे केलं ते सांगते. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार जा, बाजारात चिटपाखरू नसतं, लातूरची गंजगोलाई असो का छत्रपती संभाजीनगरची गुलमंडी, त्या वेळी दुकानदार नुसता कुलरसमोर बसलेला असतो. बहिणीला नाहीतर जावेला सोबत न्या, ड्रेस घालून जा, आणि स्पष्ट सांगा, "दादा, मला गादी झोपून बघायचीय, आतल्या बाजूला टाकून द्या आणि तुम्ही पंधरा मिनिटं बाहेर बसा." मला आजवर कुणी नाही म्हणलेलं नाही. मायला पण मी असंच झोपवलं, आधी लाजली, मग पाचव्या मिनिटाला डोळा लागला तिचा. सोबत घरची उशी नेली होती, तेवढं जरूर करा, दुकानातल्या फुगलेल्या उशीवर मान वेगळीच राहते आणि अंदाज चुकतो.

आपल्या भागात उन्हाचा विचार केल्याशिवाय गादी घेऊच नये. मे महिन्यात परभणी, नांदेडला ४३-४४ पर्यंत पारा जातो आणि लाईट गेली की गादी तव्यासारखी होते. मेमरी फोमची जाहिरात बघून बरेच जण भुलतात. १९६६ मध्ये अमेरिकेच्या नासासाठी विमानातल्या सीटकरता हा फोम तयार झाला हे खरं आहे, आणि दाब सारखा पसरवतो हे पण खरं आहे. पण त्याचा गुणधर्मच असा की ऊब लागली की तो मऊ पडतो आणि थंडीत ताठ होतो. एसीच्या खोलीत ठीक, पण आपल्या पत्र्याच्या नाहीतर वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या खोलीत उन्हाळ्यात माणूस त्यात रुततो, चारी बाजूंनी अंगाला चिकटतो, घाम जातच नाही, आणि जानेवारीत परभणीचा पारा पाच-सहावर आला की तीच गादी पहिली दहा मिनिटं घट्ट लागते. घ्यायचीच असेल तर वरचा थर एक-दीड इंचाचाच असलेली घ्या, आणि खोलीत एसी असेल तरच घ्या.

दुसरं म्हणजे कुलर. चार महिने रात्रभर कुलर चालतो, खोलीत दमट हवा भरते, त्यात पलंग बॉक्सचा, खाली प्लायवूड, वारा जायला जागा नाही. गादी उचलून बघितली तर खालून ओलसर लागते, कुबट वास येतो, काथ्याच्या गादीत तर बुरशीचे ठिपके पण पडतात. सुताराला सांगून प्लायवूडला हाताच्या अंतरावर भोकं पाडून घ्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, आणि कुलरचा झोत सरळ गादीवर घेऊ नका, समोरची खिडकी उघडी ठेवा.

आणि फोमच्या वर थेट चादर टाकून झोपू नका. पातळ कापसाची गादी किंवा घरची वाकळ टाका मधे. घाम ती पिते, उन्हात टाकून वाळवता येते, फोमला डाग लागत नाही आणि अंगाला गरम लागत नाही. मायच्या ४० च्या फोमवर आजीच्या साड्यांची वाकळ आहे, आणि दुकानदार जो दीड-दोन हजारांचा प्रोटेक्टर घ्या म्हणून मागं लागतो त्याचं निम्मं काम ती फुकटात करते. लहान लेकरू असेल तर मात्र पाणी न झिरपणारा प्रोटेक्टर घ्याच, एका डागावर वॉरंटी जाते हे मी भोगलंय.

बाकी प्रकार थोडक्यात. काथ्याची गादी म्हणजे नारळाच्या काथ्याला रबराचं पाणी देऊन दाबलेली, कडक आणि हवेशीर, उन्हाळ्याला चांगली, पण झोपायच्या जागी हळूहळू दबते, म्हणून दोन्ही बाजूंनी वापरता येईल अशीच घ्या आणि पलटत राहा. स्प्रिंगमध्ये दोन जाती, बोनेल म्हणजे सगळ्या स्प्रिंगा एकमेकींत गुंतलेल्या, एकानं कूस बदलली की दुसरा हलतो, आणि पॉकेट म्हणजे प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत, ती नवरा-बायकोला बरी. पण स्प्रिंगची गादी नवारीच्या किंवा लोखंडी पट्ट्यांच्या पलंगावर टाकू नका, तिला सपाट भक्कम तळ लागतो. लॅटेक्स चांगलं असतं, रबराच्या झाडाच्या चिकापासून बनतं, टिकतं पण, फक्त महाग आहे आणि नॅचरल म्हणून विकलेल्यात सिंथेटिक किती मिसळलंय हे लिहून मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि आपली कापसाची गादी. खरं सांगते, कापूस पिकवणारे आपण आणि घरात सिंथेटिक फोम, याचं मला वाईट वाटतं. उन्हाळ्याला कापसासारखी गादी नाही, आणि गोळे झाले तरी फेकायची गरज नाही, पिंजारी भाऊंना बोलावलं की पिंजून परत नवी. घरचाच कापूस वापरायचा असेल तर हिशोब असा, क्विंटलभर कापसातून सरकी काढल्यावर रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो. म्हणजे दहा किलोची सिंगल गादी भरायची तर तीसेक किलो कापूस लागणार. त्या वर्षीच्या भावानं गुणून बघा, जिनिंग, पिंजाई, कापड, शिलाई धरा, आणि मग दुकानातल्या तयार गादीशी तुलना करा. विकत भरून घेत असाल तर समोर बसून भरून घ्या, कारण वर पांढरीशुभ्र रुई आणि पोटात मिलचं वेस्ट नाहीतर जुन्या कपड्यांचा पिंजलेला करडा माल घालणारे आहेत. मूठभर आतून ओढून बघा, रंगीत धागे दिसले तर तो जुना कपडा आहे. रुई तोलून घ्या, पिंजायच्या आधी पण आणि भरल्यावर पण. सावरीचा कापूस उशीला छान, गादीला नको, लवकर बसतो. कंबरेचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसाला नुसती कापसाची गादी मी सुचवणार नाही, मधे खड्डा पडला की त्यांना उठवत नाही, त्यांच्यासाठी खाली फोम आणि वर पातळ कापूस.

म्हाताऱ्या माणसांसाठी उंची पण मोजा. पलंग १८ इंच आणि वर ८ इंचाची गादी म्हणजे २६ इंच, पाय जमिनीला टेकत नाहीत, रात्री लघवीला उठताना तोल जातो. कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत, एवढंच बघायचं. जाड गादी म्हणजे भारी गादी असं काही नाही, जाडी वाढली की भाव वाढतो म्हणून दुकानदार जाडीच दाखवतात. चांगल्या फोमची पाच-सहा इंच बऱ्याच घरांना पुरते.

माप टेपनं पलंगाच्या आतून घ्या, डोक्याकडून वेगळं, पायाकडून वेगळं. आपले पलंग सुतारानं बनवलेले, कुणाचा ६ बाय ६, कुणाचा सव्वासहा बाय पाच, आणि कंपनीच्या गाद्या ७२ बाय ३६, ७२ बाय ४८, ७८ बाय ६०, ७८ बाय ७२ अशा ठरलेल्या इंचात येतात. अर्धा इंच मोकळं राहिलं तर चालतं पण अर्धा इंच जास्त झाली की गादी मधून कमान करते. मापानुसार बनवून घेतलेली गादी सहसा परत घेत नाहीत, म्हणून तिथं दोनदा मोजा.

भावाचं म्हणाल तर लग्नसराईत गादी घेऊ नका. त्या दिवसांत दुकानदाराला माहीत असतं की तारीख ठरलीय, वधूपित्याला आजच न्यायचंय, घासाघीस चालत नाही. लग्न मे मधलं असेल तरी गादी आषाढ-श्रावणात नाहीतर पितृपक्षात घेऊन ठेवा, पितृपक्षात नवीन वस्तू घ्यायला लोक कचरतात म्हणून दुकानं रिकामी असतात आणि भाव सुटतो. ज्यांना ते पटत नाही त्यांनी आधी सौदा करून पैसे द्यावेत आणि गादी घटस्थापनेला उचलावी, दुकानदार ठेवून घेतो. एमआरपी हा जास्तीत जास्तचा आकडा आहे, त्यात सगळे टॅक्स आधीच धरलेले असतात, वरून जीएसटी वेगळा मागितला तर देऊ नका. सत्तर टक्के सूट लिहिलेली दिसली की सूट बघू नका, शेवटचा आकडा आणि किलो बघा. हप्त्यावर घ्यायची असेल तर आधी विचारा रोख दिली तर किती, त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजेच व्याज. आणि उश्या फुकट, चादर फुकट हे सगळं सोडून द्या म्हणावं, त्याचे पैसे कमी करा.

ऑनलाइन घेताना काटा नेता येत नाही पण वजन तिथं लिहिलेलं असतं. प्रॉडक्टच्या माहितीत खाली वजन, माप आणि थर दिलेले असतात, तेच घनफुटाचं गणित लावा. वजन दिलेलंच नसेल तर कस्टमर केअरला विचारा, सांगत नसतील तर सोडा. बऱ्याच ऑनलाइन कंपन्या १०० रात्रींची ट्रायल देतात, ही सोय खरंच चांगली आहे, दुकानात लाजणाऱ्या बाईला तर फारच चांगली. पण आधी आपला पिनकोड टाकून बघा आणि विचारा की परत न्यायला गाडी येते का, शहरात येते, तालुक्याला येईलच असं नाही. गादी गुंडाळून दाबून येते, उघडली की एक-दोन दिवस फुगायला लागतात, थोडा वास येतो तो वारा लागला की जातो, पण ती परत तशी गुंडाळता येत नाही, म्हणून खोकं आणि पावती ट्रायल संपेपर्यंत ठेवा. हायवेच्या कडेला टेम्पोत लावलेल्या रंगीत गाद्या मात्र कितीही स्वस्त असल्या तरी नको, बिल नाही, आत काय आहे ते दाखवत नाहीत, आणि उद्या तो टेम्पो तिथं सापडणार नाही.

बिल पक्कंच घ्या आणि त्यावर नुसतं गादी १ नग असं लिहू देऊ नका. कंपनी, माप, जाडी, प्रत्येक थराचं नाव आणि डेन्सिटी हातानं लिहून घ्या, खाली शिक्का. वॉरंटी कार्ड पैसे द्यायच्या आधी वाचा. किती इंच खड्डा पडला तर धरतात, पहिल्या किती वर्षांत पूर्ण बदलून मिळते आणि नंतर किती टक्के पैसे आपणच भरायचे, डाग चालतो का, गादी कारखान्यात न्यायचं भाडं कुणाचं, हे चार प्रश्न तोंडी नाही, कार्डावर दाखवा म्हणायचं. दहा वर्षांची वॉरंटी म्हणजे दहा वर्षं फुकट बदलून असं क्वचितच असतं. बिलावर डेन्सिटी लिहिलेली असेल आणि माल वेगळा निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, आणि तिथं नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जा, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही. मी तेव्हा गेले नाही कारण माझ्याकडं बिलावर नुसतं "गादी" लिहिलं होतं, त्या एका शब्दावर काय भांडणार.

गादी घरी आली की टेम्पोवाला जायच्या आधी चेन उघडून थर बघा आणि एकदा तोलून घ्या, कारण दुकानात पसंत केलेली आणि गोडाऊनमधून आलेली एकच असेल असं धरून चालू नका. कंपनीचं लेबल कापू नका, त्याचा आणि बिलाचा फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलवर टाकून ठेवा, बिलाची शाई वर्षभरात उडते. गादीच्या खालच्या कोपऱ्यात पेननं तारीख लिहा, आणि दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडं फिरवा, आम्ही पाडवा, आषाढी, दसरा आणि संक्रांत असं धरलंय म्हणजे लक्षात राहतं. काटा भावाच्या घरी खुंटीला लटकवलेला आहे, पुढच्या महिन्यात मावशीच्या लेकीची गादी घ्यायचीय, तिनं आत्ताच मागून ठेवलाय.